कमळेचं घर कुठे आहे?

चिपळूणहून आठवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलं आहे. ती लिहिते, 'बाई, मला ऐतिहासिक कादंबऱ्या फार आवडतात. पण त्यात राजा-राणीच्या प्रेमाचा भाग आला की आई पुस्तक काढून घेते आणि म्हणते, तेवढी पानं सोड आणि पुढचं वाच. तुम्ही अशा कादंबऱ्या वाचता का? कोणत्या आवडतात, कोणत्या आवडत नाहीत? खरं खरं सांगा हं!'

घ्या! 'खरं खरं सांगा' म्हटलं की आम्हा शिक्षकमंडळींची पंचाईत होते. वर्गात आम्ही सगळ्याच पुस्तकांना 'छान' म्हणून मोकळे होतो. पण विचारलंच आहे, तर आज खरं खरं सांगते. त्यासाठी आधी एक कबुली द्यायला हवी, आणि ती माझ्याच चुकीची आहे.

गोष्ट माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षातली. डी.एड. होऊन मी नुकतीच शाळेवर रुजू झाले होते. शाळा रत्नागिरीजवळच्या एका वाडीतली, आणि माझ्याकडे वर्ग चौथीचा. चौथीला इतिहासात शिवछत्रपती, म्हणजे शिकवणारीची चंगळच! मुलं डोळे मोठे करून ऐकायची आणि मी रंगात येऊन सांगायची.

त्या हिवाळ्यात आमची सहल निघाली कसबा संगमेश्वरला. कर्णेश्वराचं जुनं दगडी देऊळ पाहायचं, आणि फेब्रुवारी १६८९ मध्ये मोगलांनी छत्रपती संभाजी महाराजांना जिथे पकडलं ते गाव पाहायचं, असा बेत होता. एस.टी. घाटातून वळणं घेत चालली होती. गाण्याच्या भेंड्या संपल्या, चिक्की संपली, दोघातिघांना उलट्याही होऊन गेल्या. मग सुरू झालं, 'बाई, गोष्ट सांगा ना!'

मी सांगितली. माझ्या आजोबांनी मला लहानपणी सांगितलेली गोष्ट. संभाजीराजे आणि थोरातांची कमळा. राजाचं कमळेवर मन जडलं, त्या नादात त्याचं राज्याकडे दुर्लक्ष झालं, आणि शेवटी तो शत्रूच्या हाती सापडला, अशी ती गोष्ट. आजोबा ती अशी काही सांगायचे की माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं. त्या दिवशी एस.टी.तही दोन मुली रडल्या. मला वाटलं, वा! काय छान शिकवतो आपण!

संगमेश्वरला उतरलो. देऊळ पाहिलं, महाराजांच्या स्मारकापाशी हात जोडले. एक मुलगी मात्र वही-पेन्सिल घेऊन माझ्या मागे मागे. तिला सहलीचा वृत्तांत लिहायचा होता. तिनं विचारलं, 'बाई, कमळेचं घर कुठे आहे? आपण तेही बघायला जायचं का?'

मी म्हटलं, 'अं... ते काही इथे नाही.'

'मग कुठल्या गावात आहे?'

मला येईना. तिचं पुढचं तयारच होतं. 'बाई, राजा आणि कमळा दोघंच बागेत बोलत होते असं तुम्ही सांगितलंत ना? मग त्यांचं बोलणं कुणी ऐकलं?'

चौथीतली मुलगी, बरं का! मी जिच्या तोंडावर 'उद्या सांगते' एवढंच फेकू शकले, ती पोर इतिहासाच्या अभ्यासातला सगळ्यात मोठा प्रश्न विचारून गेली होती. 'हे कुणाला कसं कळलं?'

'उद्या' काही जमलं नाही. त्याला दोन आठवडे लागले. आमच्या रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ साली सुरू झालेलं. तिथे जाऊन मी बसू लागले. आणि जे वाचलं, त्यानं माझे कान लाल झाले.

कमळेचं घर कुठेच नव्हतं. संभाजी महाराजांच्या काळातल्या कुठल्याही विश्वासार्ह कागदात ही कमळा सापडतच नाही!

मग ती आली कुठून? त्याची गंमत, खरं तर दुःखाची गंमत, ऐका. संभाजी महाराज गेले १६८९ साली. त्यांच्याबद्दल वाईट-साईट सांगणारी जी बखर पुढे फार वाचली गेली, ती मल्हार रामराव चिटणीस यांनी १८१०च्या सुमारास लिहिली. म्हणजे मध्ये गेली एकशेवीस वर्षं. तुमच्या पणजोबांच्या वडिलांचा स्वभाव कसा होता ते आज तुम्ही सांगाल, तेवढीच ती खात्री! शिवाय या बखरकारांचे पूर्वज बाळाजी आवजी चिटणीस यांना संभाजी महाराजांच्या हुकुमानं १६८१ साली देहदंड झाला होता. ज्या घरावर असा घाव बसला, त्या घरातला माणूस राजाबद्दल लिहिताना किती गोड लिहील, याचा तुम्हीच विचार करा.

पुढे नाटकवाले, कादंबरीवाले, सिनेमावाले आले. राजा बायकांच्या नादी लागला होता असं ऐकलेलं होतंच. मग त्यांनी त्या ऐकीव गोष्टीला नावं दिली, लुगडी नेसवली, गाणी दिली. राम गणेश गडकरी यांच्या 'राजसंन्यास' या अपुऱ्या राहिलेल्या नाटकात तुळसा आली. 'थोरातांची कमळा' या नावाचा सिनेमा १९४१ साली भालजी पेंढारकरांनी काढला. त्याच नावाचा सिनेमा पुन्हा १९६३ साली आला. माझ्या आजोबांनी तो तंबूतल्या पडद्यावर पाहिला होता. लोक रडले, घरी गेले आणि नातवंडांना सांगू लागले. सिनेमातली कमळा आमच्या आजोबांच्या तोंडी इतिहास होऊन बसली, आणि त्यांच्याकडून माझ्या.

हा सगळा गुंता सोडवायला कोण बसलं होतं? आपल्या कोकणातल्या पेणला जन्मलेले वासुदेव सीताराम बेंद्रे. शिवाजी महाराजांचं अस्सल चित्र शोधून काढणारे ते हेच. त्यांनी अनेक वर्षं जुनी पत्रं, सनदा, परदेशांतली दप्तरं धुंडाळली आणि १९६० साली संभाजी महाराजांचं जाडजूड चरित्र प्रसिद्ध केलं. पुढे डॉ. कमल गोखले यांनीही 'शिवपुत्र संभाजी' हा अभ्यासपूर्ण ग्रंथ लिहिला. त्यातून दिसला तो वेगळाच राजा. नऊ वर्षं मोगल, सिद्दी आणि पोर्तुगीज यांच्याशी झुंजणारा, संस्कृतात 'बुधभूषण' लिहिणारा. संगमेश्वरात ते कुणा कमळेपायी रमले नव्हते. राज्याच्या कामासाठी विशाळगडाकडे आले होते, परतीच्या वाटेवर होते, आणि मुकर्रबखान कोल्हापूरकडून अवघड घाट उतरून अचानक येऊन कोसळला.

आता मला सांगा, ज्या माणसानं मरताना एवढ्या यातना सोसल्या, त्याच्या नावाला आपण एक खोटी गोष्ट चिकटवली, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या सुटली नाही. आणि ती पुढे नेणाऱ्यांत मीही होते. चाळीस मुलांना घाटात एस.टी.मध्ये बसून सांगणारी!

पण त्या वाचनात एक खरी गोष्टही हाती लागली. प्रेमाची, आणि आपल्याच जिल्ह्यातली. संगमेश्वर तालुक्यात शृंगारपूर नावाचं गाव आहे, प्रचितगडाच्या पायथ्याशी. तिथल्या पिलाजीराव शिर्क्यांची लेक म्हणजे संभाजी महाराजांच्या राणी येसूबाई. राजे मोहिमेवर असले की कारभार त्या पाहायच्या. त्यासाठी त्यांच्या नावाचा शिक्का होता, 'श्री सखी राज्ञी जयति'. पाहिलंत? राजानं बायकोच्या शिक्क्यात शब्द घातला 'सखी', म्हणजे मैत्रीण! तीनशे वर्षांपूर्वी!

राजे गेल्यावर या सखीनं काय केलं? रडत बसल्या नाहीत. स्वतःचा मुलगा शाहू सहा-सात वर्षांचा होता, तरी त्याच्यासाठी गादी अडवून धरली नाही. दीर राजाराम महाराजांना पुढे केलं आणि त्यांना रायगडाबाहेर काढलं, म्हणजे राज्य जिवंत राहील. त्याच वर्षी रायगड पडला आणि त्या मुलासह मोगलांच्या कैदेत गेल्या. औरंगजेब मेल्यावर १७०७ साली शाहू महाराज सुटले, पण येसूबाईंना परत यायला १७१९ साल उजाडलं. जवळजवळ तीस वर्षं! आता सांगा, या बाईंपुढे कुठली कमळा टिकेल? खरी गोष्ट शृंगारपूरच्या मातीत होती आणि मी तंबूतल्या सिनेमाची सांगत बसले होते.

मग काय, कादंबऱ्या वाईट? फेकून द्यायच्या? मुळीच नाही! मी आजही कादंबरी हातात घेतली की भात करपतो, इतकी ती मला आवडते. फक्त आता मी उघड्या डोळ्यांनी वाचते. तर चिपळूणच्या मैत्रिणी, ही घे माझी खरीखुरी मतं. पटली नाहीत तर भांडायला ये.

पहिली शिवाजी सावंतांची 'छावा', १९७९ सालची. संभाजी महाराजांना लोकांच्या मनात पुन्हा मानानं बसवण्यात या पुस्तकाचा मोठा वाटा आहे, आणि येसूबाईही त्यात खऱ्या मानानं भेटतात. पण खरं सांगू? मी ती दोनदा अर्धवट सोडली. भाषा फार नटलेली. एकेक वाक्य अंगभर दागिने घालून लग्नाला निघालेलं! तिसऱ्यांदा मे महिन्याच्या सुट्टीत नेटानं वाचली आणि शेवटच्या भागात हुंदके आवरेनात. तेव्हा कंटाळा आला तर लाजू नका, बाजूला ठेवा, वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा घ्या. २०२५ साली तिच्यावर हिंदी सिनेमा निघाला. आमच्या शाळेतली किती तरी मुलं पाहून आली. एकानं विचारलं, 'बाई, राजे आणि कवी कलश कैदेत तसंच कवितेत बोलले होते?' मला इतका आनंद झाला! म्हटलं, शाब्बास, प्रश्न बरोबर आहे. पकडले गेले हे खरं, हाल झाले हे खरं, कवी कलश शेवटपर्यंत सोबत राहिले हेही खरं. सिनेमातल्या ओळी मात्र लिहिणाऱ्याच्या.

दुसरी रणजित देसाईंची 'स्वामी'. १९६२ साली आली आणि १९६४ साली तिला साहित्य अकादमीचं पारितोषिक मिळालं. माधवराव पेशवे आणि रमाबाई. पानिपतच्या पराभवानंतर सोळाव्या वर्षी ज्याच्या खांद्यावर राज्य आलं आणि सत्ताविसाव्या वर्षी जो क्षयानं गेला, त्या पोराची ही गोष्ट. मी नववीत असताना माळ्यावर बसून वाचली. यातलं प्रेम मला फार आवडतं, कारण त्यात उसासे कमी आणि काळजी जास्त आहे. तो दमून येतो, ती विचारपूस करते. रागावतात, समजूत घालतात. आता त्या दोघांचं खोलीतलं बोलणं कुणी ऐकलं? कुणीच नाही. ते देसाईंनी रचलं. पण त्यांनी ते अशा बेतानं रचलंय की त्या दोघांच्या नावाला कुठे डाग लागत नाही. परक्याच्या घरात पाहुणा जसा जपून वावरतो ना, तसं.

तरीही 'स्वामी'शी माझं एक भांडण आहे. शेवटी थेऊरला रमाबाई सती जातात. १७७२ साली हे खरंच घडलं, लेखकानं मनचं घातलेलं नाही. भांडण दुसरंच आहे. नववीत ते वाचून मी रडले आणि मनात म्हटलं, असं हवं प्रेम! आज एक बाई म्हणून, एक शिक्षिका म्हणून मला त्या नववीतल्या मुलीचा हात धरून सांगावंसं वाटतं, अगो, थांब. प्रेम मोजायचं माप आग नव्हे. राजा राममोहन रॉय यांच्यासारख्यांनी जिवाचं रान केलं, १८२९ साली बंगालमध्ये सतीबंदीचा कायदा झाला, तेव्हा कुठे हे थांबायला लागलं. रमाबाईंसाठी रडा, जरूर रडा. पण येसूबाई जगल्या, आणि तेही प्रेमच होतं, हे विसरू नका.

तिसरी ना. सं. इनामदारांची 'राऊ', १९७२ सालची. बाजीराव आणि मस्तानी. हे मात्र नववी-दहावीच्या पुढच्यांनी वाचावं, असं माझं मत. त्यात कुणी एक वाईट आणि बाकी चांगले असं नाही, सगळेच कुठे ना कुठे दुखावलेले आहेत. लहानपणी आपल्याला कुणीतरी खलनायक लागतो. तो नसला की गोष्ट अवघड वाटते. २०१५ साली तिच्यावरून हिंदी सिनेमा निघाला. त्यात काशीबाई आणि मस्तानी हातात हात घालून नाचतात. गाणं गोड आहे, आमच्या स्नेहसंमेलनात मुलींनी बसवलंही होतं. पण असा प्रसंग इतिहासात सापडत नाही. नाचा खुशाल, फक्त परीक्षेत लिहू नका!

आता आईच्या कपाटातल्या नुसत्या प्रेमकथा. ना. सी. फडके हे एके काळचे फार लोकप्रिय लेखक. भाषा काय स्वच्छ! पान कसं भर्रकन उलटतं. पण मी वाचलेल्या त्यांच्या पुस्तकांतल्या नायकांना कधी रॉकेलच्या रांगेत उभं राहावं लागलं नाही, आणि नायिकेला कधी धुणं पडलं नाही. मला सारखं वाटतं, यांच्याकडे भांडी घासतं कोण? वि. स. खांडेकर मात्र आमच्या जातीचे, म्हणजे मास्तर! शिरोड्याच्या शाळेत ते शिकवायचे. त्यांच्या 'उल्का'सारख्या कादंबऱ्यांत प्रेमाबरोबर गरिबांचाही विचार येतो. पण त्यांची माणसं कधी कधी परिपाठाला भाषण केल्यासारखी बोलतात. हे मी मास्तरीण असून म्हणते, तेव्हा समजून घ्या.

आणि शेवटची आपल्या रत्नागिरीची. ब्रह्मदेशचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ साली गादीवरून काढलं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. आपला थिबा राजवाडा त्याच्यासाठी बांधलेला, १९१०चा. १९१६ साली तो इथेच वारला. अमिताव घोष यांनी 'द ग्लास पॅलेस' ही इंग्रजी कादंबरी २००० साली लिहिली, तिच्यात हा राजा आहे, हा राजवाडा आहे, आपली रत्नागिरी आहे. मोठी आहे आणि मोठ्यांसाठी आहे. कॉलेजात जाल तेव्हा वाचा. मला तिच्यातली एक युक्ती आवडली. तिच्यातली मुख्य प्रेमकथा आहे राजकुमार आणि डॉली यांची. ही दोघं लेखकाच्या मनातली. म्हणजे राजा खरा, गाव खरं, आणि ज्यांच्या मनातलं गुपित सांगायचं ती माणसं लेखकाची स्वतःची. त्यांचं बंद दारामागचं बोलणं लेखकाला कळणारच, नाही का? त्यानंच तर त्यांना जन्म दिला! यात कुणावर अन्याय नाही.

मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात, ती रा. भि. गुंजीकरांची 'मोचनगड' १८७१ साली पुस्तकरूपानं आली. तिच्यातही शिवकाळ खरा, पण मुख्य पात्रं बहुतेक कल्पनेतली. म्हणजे ही युक्ती आपल्याकडेही सुरुवातीपासून होती.

माझं मत असं की, प्रेमकथा इतिहासात घालायला काहीच हरकत नाही. मनातल्या माणसांची घाला, नाहीतर खऱ्या माणसांची घालायची तर देसाईंसारखी जपून घाला. खऱ्या माणसाच्या गळ्यात खोटी गोष्ट अडकवली, तर तो बिचारा उठून 'हे मी केलं नाही' असं सांगायला येऊ शकत नाही.

म्हणून ऐतिहासिक कादंबरी वाचताना मी तीन प्रश्न मनात ठेवते. तुम्हीही ठेवा.

एक, या माणसाचं नाव कादंबरीबाहेर, इतिहासाच्या पुस्तकात सापडतं का?

दोन, हा प्रसंग पहिल्यांदा कुणी लिहिला आणि घटनेनंतर किती वर्षांनी?

तीन, दार बंद होतं, तर आतलं बोलणं लेखकाला कसं कळलं?

तिसऱ्याचं उत्तर 'कल्पनेनं' असं आलं, तर नाराज होऊ नका. कल्पना ही काही चोरी नाही. ती कल्पना आहे एवढं ओळखून पुढे वाचा. कादंबरी तितकीच गोड लागते, माझा अनुभव आहे.

आता दोन शब्द पालकांसाठी. चिपळूणच्या आईंना माझा नमस्कार. ताई, तुमची काळजी मला कळते. मीही दोन मुलांची आई आहे. पण सोडायला सांगितलेली पानंच मुलं आधी वाचतात, हे आपण आपल्यावरूनच जाणतो. त्यापेक्षा ती पानं तुम्हीही वाचा आणि रात्री जेवताना सहज विचारा, 'काय गो, तुला राणीचं वागणं पटलं का?' बघा, किती बोलते ती! प्रेम म्हणजे काय, मान म्हणजे काय, कुणी जबरदस्ती केली तर ते प्रेम नव्हे, हे सांगायला एरवी आपली जीभ अडखळते. पुस्तकातल्या राणीच्या निमित्तानं ते सोपं जातं. मुलं हे कुठून तरी शिकणारच आहेत. तुमच्या शेजारी बसून शिकली तर काय वाईट?

बरं, माझी ती चौथीतली मुलगी राहिलीच की! दोन आठवड्यांनी मी वर्गात उभी राहिले आणि म्हटलं, 'मुलांनो, मी तुम्हाला एस.टी.त सांगितलेली कमळेची गोष्ट खरी नव्हती. मी तपासून पाहिली नाही. माझं चुकलं.' वर्ग चिडीचूप! बाईंचं चुकतं, ही बातमी त्यांना जरा पचायलाच हवी होती. मग तिनं हात वर केला. 'बाई, मग वहीतलं खोडू?'

मी म्हटलं, 'खोडू नको. त्याच्या खाली लिही, की ही सिनेमातली गोष्ट आहे. आणि त्याच्याखाली येसूबाईंची लिही.'

पुढच्या वर्षी आमची सहल शृंगारपूरला गेली. ती आता पाचवीत होती, पण मुद्दाम आमच्याबरोबर आली. गावात शिरल्याबरोबर म्हणाली, 'बाई, हे खरं माहेर आहे ना?' मी म्हटलं, 'हो. हे खरं.'

आणि आजोबा? एका रविवारी मी घरी गेले, तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं चिडतील, 'तू मला शिकवतेस?' म्हणतील. ते ओटीवर सुपारी कातरत बसले होते. अडकित्ता खाली ठेवला. बराच वेळ समोरच्या माडांकडे बघत राहिले. मग म्हणाले, 'म्हणजे गो, इतकी वर्षं मी त्या राजाबद्दल उगाच वाईट बोललो.'

त्यानंतर त्यांनी ती गोष्ट कुणाला सांगितली नाही. पुढच्या वर्षी धाकटा नातू मांडीवर येऊन बसला, तेव्हा मी आतून ऐकत होते. आजोबा सांगत होते, 'शृंगारपूरला एक मुलगी होती. येसू तिचं नाव...'

आज आजोबा नाहीत. पण एक म्हातारा माणूस पुढची गोष्ट बरोबर सांगून गेला, याचं मला फार समाधान आहे.

आता या आठवड्याचा उद्योग. तुमच्या आजी-आजोबांना इतिहासातली त्यांची आवडती गोष्ट विचारा. नीट ऐका, मध्ये तोडू नका. मग विचारा, 'तुम्हाला ही कुठे कळली?' पुस्तकात, कीर्तनात, सिनेमात, की त्यांच्या आजीकडून? ते वहीत लिहून ठेवा आणि मला पोस्टकार्डावर कळवा. गोष्ट खोटी निघाली तर त्यांना हसू नका हं! आपण सगळेच कुणा ना कुणाच्या तंबूत बसून रडलेलो असतो.

पत्रांची वाट पाहते.

तुमची,
बाई